ॲक्सेस पॉइंटवर दुसरं फर्मवेअर टाकताना अडलात? आधी नेमकं कुठे अडलंय ते शोधा

वाय-फाय पसरवणाऱ्या ॲक्सेस पॉइंटवर कंपनीच्या फर्मवेअरऐवजी, म्हणजे त्याला चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरऐवजी, ओपनडब्ल्यूआरटी किंवा डीडी-डब्ल्यूआरटी हे पर्यायी फर्मवेअर पहिल्यांदाच टाकणाऱ्याची गाडी बहुधा एकाच ठिकाणी अडते. फाइल चढवली, प्रगतीची पट्टी पूर्ण भरली, दिवे लुकलुकले आणि मग ब्राउझरमध्ये काही म्हणता काही उघडेना. पुढच्या दहा मिनिटांत घाबरून जे केलं जातं, खरं नुकसान बहुतेक वेळा त्यातूनच होतं. लेखन चालू असताना प्लग ओढला जातो, रिसेटचं बटण वाटेल तसं दाबलं जातं, नाहीतर दुसऱ्याच मॉडेलची फाइल ‘बघू चालतेय का’ म्हणून ढकलली जाते.

त्यापेक्षा प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारा: यंत्र जागं होताना कुठपर्यंत पोचतंय?

वीज मिळाली की आधी बूटलोडर, म्हणजे बाकीचं सगळं सुरू करणारा छोटा प्रोग्राम, उठतो. यू-बूट, सीएफई, रेडबूट ही त्याची नेहमी दिसणारी नावं. तो कर्नल, म्हणजे यंत्रातल्या लिनक्सचा गाभा, मेमरीत आणून सुरू करतो. कर्नल फाइल सिस्टिम जोडतो, साठवलेल्या सेटिंग वाचल्या जातात, केबलचं नेटवर्क उभं राहतं आणि वाय-फायचे रेडिओ सगळ्यात शेवटी चालू होतात. फर्मवेअर बदलताना साधारणपणे बूटलोडरला हात लागत नाही. तो शाबूत असला की यंत्र परत मार्गावर आणता येतं, भले वरचं सगळं बिघडलेलं असो. ‘ब्रिक झालं’, म्हणजे विटेसारखं निकामी झालं, म्हणून कपाटात पडलेल्या कित्येक ॲक्सेस पॉइंटांचा बूटलोडर रोज वीज मिळाली तर रोज उठेल, फक्त त्याच्याशी बोलायला कोणी नसतं.

फाइल चढवण्याआधी

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त त्रास हाच वाचवतो.

यंत्र उलटं करा आणि मागच्या लेबलवरचा हार्डवेअर व्हर्जन वाचा. एकाच नावाच्या मॉडेलचा व्ही २ आणि व्ही ४ आतून पूर्ण वेगळे असू शकतात: वेगळी चिप, वेगळी फ्लॅश (फर्मवेअर साठवायची कायमची मेमरी), वेगळी पार्टिशनची, म्हणजे फ्लॅशच्या भागांची, रचना. खोक्यावरच्या नावावर किंवा विक्रीच्या पानावर विसंबू नका. ओपनडब्ल्यूआरटीची उपकरणांची मोठी यादी आहे, तिच्यात मॉडेल आणि व्हर्जन दोन्ही जुळले तरच पुढे जा. यादीत रॅम आणि फ्लॅशही बघा. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमवाल्या जुन्या यंत्रांवर आजच्या आवृत्त्या नीट मावत नाहीत. त्यांच्यामागे वेळ घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ८ एमबी आणि ६४ एमबी हीसुद्धा काठावरचीच जागा. वाय-फायची चिप ब्रॉडकॉमची असेल तर ओपनडब्ल्यूआरटीवर रेडिओ अर्धवट चालेल किंवा चालणारच नाही, कारण त्या चिपांचे बरेचसे ड्रायव्हर बंदिस्त आहेत. तिथे डीडी-डब्ल्यूआरटी किंवा टोमॅटो या आणखी एका पर्यायी फर्मवेअरकडे वळणं शहाणपणाचं.

आता फाइल. एकाच उपकरणासाठी दोन-तीन प्रकारच्या फाइली दिसतात आणि नवख्याचा गोंधळ इथेच होतो. ‘फॅक्टरी’ नावाची फाइल कंपनीच्या मूळ फर्मवेअरमधून उडी मारण्यासाठी असते. ‘सिसअपग्रेड’ ही आधीच ओपनडब्ल्यूआरटी चालू असलेल्या यंत्रासाठी. तिसरी ‘इनिटरॅमएफएस’. ती फक्त रॅममध्ये चालते, फ्लॅशवर काही लिहीत नाही. काही यंत्रांवर ती आधी रॅममध्ये चालवायची आणि तिच्या आतून सिसअपग्रेड टाकायचं, असा दोन पायऱ्यांचा मार्ग असतो. पहिली पायरी झाली की वेब पान उघडतं, सेटिंग करता येतात आणि काम फत्ते झालं असं वाटतं. मग यंत्र बंद-चालू केलं की सगळं गायब! ते बिघडलेलं नसतं, दुसरी पायरी राहिलेली असते. पानावर वर रिकव्हरी मोडची सूचना येते, ती वाचायची सवय ठेवा.

फाइल उतरवल्यावर तिचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा) संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून बघा. अर्धवट उतरलेली फाइल कित्येकदा आकाराने जवळपास बरोबर वाटते.

शेवटची तयारी म्हणजे बॅकअप. कंपनीच्या मूळ फर्मवेअरची फाइल आधीच उतरवून ठेवा. यंत्र बंद पडल्यावर इंटरनेटही बंद असू शकतं. शक्य असेल तर कॅलिब्रेशनच्या पार्टिशनची प्रत घ्या. क्वालकॉम ॲथेरॉसच्या यंत्रांत तिचं नाव बहुधा ‘एआरटी’, मीडियाटेकच्या यंत्रांत ‘फॅक्टरी’ असतं. त्यात तुमच्या त्या एका यंत्राच्या रेडिओचं मोजमाप आणि बऱ्याचदा मॅक पत्तेही (नेटवर्कवरची यंत्राची ओळख) असतात. फर्मवेअर कुठूनही पुन्हा मिळेल, हे मात्र जगात दुसरीकडे कुठेच नाही. ओपनडब्ल्यूआरटीच्या लुसी या वेब पानावर बॅकअपच्या विभागातच एमटीडी, म्हणजे फ्लॅशवरची, पार्टिशन उतरवून घ्यायची सोय आहे, म्हणजे पहिल्यांदा यशस्वीपणे आत शिरलात की लगेच हे काम उरकता येतं.

यंत्र फाइलच घेत नाही

‘चुकीची फाइल’, ‘पडताळणी अयशस्वी’ अशा अर्थाचा संदेश आला तर खरं म्हणजे बरंच झालं. अजून काहीही लिहिलं गेलेलं नाही. कारणं साधारण चारच.

मॉडेल किंवा हार्डवेअर व्हर्जन चुकलंय. पुन्हा लेबल बघा.

फॅक्टरीच्या जागी सिसअपग्रेड निवडलंय. हे फारच वारंवार होतं.

प्रदेश जुळत नाही. टीपी-लिंकच्या काही यंत्रांत फाइलवर देशाची खूण असते आणि अमेरिकेसाठीचं यंत्र युरोपची फाइल घेत नाही. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओंबाबत नियम कडक केल्यावर कंपन्यांनी कुलपं वाढवली. २०१६ मध्ये टीपी-लिंकने एफसीसीशी २ लाख डॉलरची तडजोड केली. ती मुळात परवानगीपेक्षा जास्त शक्तीने चालू शकणाऱ्या राउटरांवरून होती, पण तिच्यात पर्यायी फर्मवेअरसाठी वाट काढण्याचा प्रयत्न करू असंही कंपनीने मान्य केलं. तरीही खूण आपली राहिलीच, त्यामुळे तुमच्या प्रदेशाची फाइल वेगळी आहे का ते बघा.

चौथं कारण डिजिटल सही. कार्यालयांसाठी बनवलेल्या ॲक्सेस पॉइंटांत हे हमखास आढळतं. मूळ फर्मवेअर फक्त कंपनीने सही केलेली फाइल स्वीकारतं. इथे मॉडेलनुसार दोन मार्ग असतात: सही न तपासणाऱ्या जुन्या मूळ आवृत्तीवर उतरायचं, किंवा एसएसएचने (यंत्राला दुरून आज्ञा टाइप करून देण्याच्या सुरक्षित मार्गाने) आत शिरून तिथूनच फाइल लिहायची. युबिक्विटीच्या युनिफाय एसी लाइटसारख्या यंत्रांत फ्लॅशवर कर्नलच्या दोन जागा असतात, ‘कर्नल०’ आणि ‘कर्नल१’. फाइल दोन्हीकडे लिहावी लागते आणि कुठल्या जागेतून उठायचं ती खूण शून्य करावी लागते. एकाच जागी लिहिलंत तर यंत्र निवांतपणे जुन्या फर्मवेअरमध्ये उठतं आणि तुम्ही डोकं खाजवत बसता.

एसएसएचच्या वाटेवर आणखी एक अडथळा हल्ली नेमाने येतो. संगणकावरच्या ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रोग्रामच्या ९.० आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, एससीपी ही फाइल पाठवायची आज्ञा आतून एसएफटीपी ही वेगळी पद्धत वापरते. छोट्या यंत्रांत एसएफटीपीचा सर्व्हर नसतो, त्यामुळे फाइल जायचं नाव घेत नाही. एससीपीच्या आज्ञेत उणे चिन्हाला जोडून रोमन लिपीतलं मोठं ‘ओ’ दिलं की जुनी पद्धत वापरली जाते आणि फाइल सुरळीत जाते. शून्य नाही, ओ!

‘सक्तीने टाका’ असा पर्याय दिसेल. तुमच्या नेमक्या मॉडेलच्या सूचनांमध्ये तो वापरा असं लिहिलेलं नसेल तर त्याला हात लावू नका. ओपनडब्ल्यूआरटीच्या जुन्या आवृत्तीवरून नव्यावर जाताना ‘आवृत्ती सुसंगत नाही’ असा इशारा येतो, तोही वाचून घ्या. २१.०२ पासून अनेक यंत्रांत नेटवर्क पोर्टांची मांडणीच बदलली. अशा वेळी जुन्या सेटिंग सोबत न्यायच्या नाहीत, कोऱ्या पाटीवर सुरुवात करायची.

टाकलं, पण पान उघडत नाही

आधी थांबा. फ्लॅशवर लिहायला आणि पहिल्यांदा उठताना जागा तयार करायला काही मिनिटं लागतात. दहा मिनिटं वीज काढू नका. त्यानंतरसुद्धा लगेच निष्कर्ष काढू नका, कारण या अवस्थेतली बरीच यंत्रं ठणठणीत असतात, फक्त आपण चुकीच्या पत्त्यावर दार ठोठावत असतो.

कंपनीच्या फर्मवेअरमध्ये पत्ता १९२.१६८.०.२५४ असेल, १९२.१६८.१.२० असेल, किंवा यंत्र मुख्य राउटरकडून पत्ता मागून घेत असेल. ओपनडब्ल्यूआरटी मात्र नव्याने टाकल्यावर १९२.१६८.१.१ वर येतं. वापरकर्ता ‘रूट’, पासवर्ड रिकामा. वाय-फाय बंद. मोबाइलवर नेटवर्क शोधून ‘दिसतच नाही’ म्हणणाऱ्यांची अडचण इथेच सुटते: केबल लावल्याशिवाय इलाज नाही.

आता एकेक करत तपासा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

१. ॲक्सेस पॉइंट घरच्या किंवा कार्यालयाच्या नेटवर्कमधून काढा. मुख्य राउटरचा पत्ताही १९२.१६८.१.१ असेल तर दोघांची टक्कर होते, आणि ब्राउझरमध्ये तुम्ही उघडता ते पान भलत्याच यंत्राचं निघतं. एकच पोर्ट असलेल्या ॲक्सेस पॉइंटवर तो पोर्ट सहसा लॅन, म्हणजे आतल्या नेटवर्कचा पोर्ट, म्हणून उठतो आणि त्यावर पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हरही चालू असतो. चालू नेटवर्कात तो तसाच जोडलात तर बाकीच्या मंडळींचंही इंटरनेट घालवाल.

२. संगणक केबलने थेट जोडा. पॉवर ओव्हर इथरनेट (केबलमधूनच वीज) असेल तर इंजेक्टरच्या, म्हणजे केबलमध्ये वीज घालणाऱ्या डबीच्या, डेटाच्या बाजूला. संगणकाचं वाय-फाय बंद करा, व्हीपीएन असेल तर तेही.

३. संगणकाला हाताने पत्ता द्या: १९२.१६८.१.२, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा.

४. १९२.१६८.१.१ ला पिंग करत राहा, म्हणजे यंत्र उत्तर देतंय का ते सतत विचारत राहा, आणि यंत्र बंद-चालू करा.

५. उत्तर येत असेल तर ब्राउझरच्या पट्टीत पत्त्याआधी एचटीटीपी स्वतः टाइप करा. ब्राउझर आपल्या मनाने एचटीटीपीएसकडे वळतात आणि पान नाही म्हणून सांगतात.

६. पिंगला उत्तर आहे, पण पान नाहीच? तुम्ही स्नॅपशॉट, म्हणजे रोज तयार होणारी विकासातली आवृत्ती टाकली असेल तर तिच्यात लुसी नसतंच. एसएसएचने आत जा. नवख्याने स्नॅपशॉटच्या वाटेला जाऊ नये. उपकरणाला स्थिर आवृत्तीत अजून आधारच नसेल तेवढाच अपवाद.

पिंगच्या उत्तरातला टीटीएलचा (डेटाच्या पाकिटाच्या उरलेल्या आयुष्याचा) आकडा बघत चला. लिनक्स उठलेलं असेल तर तो साधारण ६४ असतो. सुरुवातीला काही सेकंद १०० येत असेल तर उत्तर देणारा सीएफई बूटलोडर आहे. आधी १०० ची तीन-चार उत्तरं, मग शांतता, मग पुन्हा १०० असं चक्र चालू असेल तर बूटलोडर ठीक आहे आणि कर्नल कोसळतोय. एवढ्या एका निरीक्षणाने कुठे बघायचं ते ठरतं. सगळेच बूटलोडर पिंगला उत्तर देत नाहीत, त्यामुळे उत्तर नाही म्हणजे बूटलोडर गेला असं मात्र समजू नका.

दिवे दर काही सेकंदांनी तोच क्रम पुन्हा दाखवत असतील तर यंत्र पुन्हा पुन्हा उठून पडतंय. फाइलला दोष देण्याआधी वीज तपासा. पॉवर ओव्हर इथरनेटचा ८०२.३एएफ प्रकारचा स्रोत १५.४ वॉट देतो, एटी प्रकारचा ३०. जास्त भूक असलेलं यंत्र कमी ताकदीच्या इंजेक्टरवर रेडिओ चालू होईपर्यंत टिकतं आणि तिथे मान टाकतं. काही जुने ॲक्सेस पॉइंट २४ व्होल्टच्या पॅसिव्ह पद्धतीवर चालतात. त्यांचा इंजेक्टर आणि ४८ व्होल्टवाला इंजेक्टर यांची अदलाबदल करू नका.

फेलसेफ: अर्धे प्रश्न इथेच संपतात

लिनक्स उठतंय, पण सेटिंग बिघडल्यामुळे आत शिरता येत नाही, अशा अवस्थेसाठी ओपनडब्ल्यूआरटीत फेलसेफ मोड आहे. चुकीचा व्हीलॅन (नेटवर्कचा आभासी विभाग), विसरलेला पासवर्ड, भलताच पत्ता, स्वतःलाच बाहेर ठेवणारी फायरवॉल, सगळ्यांवर हाच उपाय.

यंत्र चालू करा आणि दिव्याकडे लक्ष ठेवा. काही सेकंदांनी तो एका ठरावीक वेगाने लुकलुकायला लागतो. तेवढ्या वेळात बटण दाबा, बहुधा रिसेटचं. लुकलुक खूप जलद झाली की फेलसेफमध्ये शिरलात. वीज देण्याआधीपासून बटण दाबून ठेवू नका, नाहीतर बूटलोडरचा वेगळाच मोड सुरू होईल. वेळ साधत नसेल तर दिवा लुकलुकायला लागल्यापासून बटण टकटक दाबत राहा.

आता पत्ता १९२.१६८.१.१ आणि डीएचसीपी नाही, त्यामुळे संगणकाला हाताने पत्ता हवाच. एसएसएचने ‘रूट’ म्हणून जा, पासवर्ड विचारला जाणार नाही. आपलीच ओळखीची यंत्रं असूनही एसएसएच ‘समोरच्याची ओळख बदलली आहे’ असा भयंकर दिसणारा इशारा देईल. फेलसेफमध्ये यंत्र तात्पुरती नवी किल्ली तयार करतं, इतकंच. संगणकावरच्या जुन्या नोंदीतली ती ओळ काढून टाका. आत गेल्यावर फर्स्टबूट ही आज्ञा द्या, खात्री विचारली तर होकार द्या आणि यंत्र रीबूट करा. सगळ्या सेटिंग पुसल्या जाऊन ते नव्याने टाकल्यासारखं उठेल. फक्त एखादी सेटिंग दुरुस्त करायची असेल तर आधी माउंट_रूट द्या, म्हणजे साठवलेल्या फाइली दिसतील आणि बदलता येतील.

जुन्या डीडी-डब्ल्यूआरटी लेखांत ‘३०-३०-३०’ रिसेट सांगितलेला आढळेल: बटण दाबून तीस सेकंद चालू, तीस बंद, तीस चालू. तो जुन्या ब्रॉडकॉम यंत्रांपुरता होता. नव्या यंत्रांवर त्याने काही साधत नाही, उलट नको त्या मोडमध्ये अडकायला होतं.

टीएफटीपी: बूटलोडरशी थेट बोलणं

कर्नलच उठत नसेल तर बूटलोडरकडे जावं लागतं. काही कंपन्यांनी इथे सोय करून ठेवली आहे. डी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलांत रिसेट दाबून वीज दिली की १९२.१६८.०.१ वर फाइल चढवायचं छोटंसं पान उघडतं. आसूसची स्वतःची रिस्टोरेशन उपयुक्तता आहे. नेटगियरच्या अनेक यंत्रांसाठी एनएमआरपीफ्लॅश हे छोटं साधन उत्तम काम करतं. बाकी ठिकाणी टीएफटीपी, म्हणजे नेटवर्कवरून फाइल पाठवायची अगदी साधी पद्धत.

टीएफटीपी चालत नाही म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न: फाइल कोण पाठवतंय आणि कोण मागतंय? दोन उलट पद्धती आहेत आणि लोक एकीच्या सूचना दुसरीला लावतात.

पहिल्या पद्धतीत सर्व्हर तुमच्या संगणकावर असतो आणि यंत्र येऊन फाइल मागतं. टीपी-लिंकच्या अनेक मॉडेलांत असं आहे. संगणकाचा पत्ता १९२.१६८.०.६६ असावा लागतो आणि फाइलचं नाव बूटलोडर मागेल तेच, अक्षरन् अक्षर. आर्चर सी७ व्ही२ साठी ते आर्चरसी७व्ही२ या अक्षरांनी सुरू होऊन टीपी_रिकव्हरी आणि बिन यांनी संपतं; लहान-मोठी अक्षरंही जुळली पाहिजेत. विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग लपवतं, त्यामुळे नकळत ‘बिन’ दोनदा लागलेलं असतं. ते आधी तपासा.

दुसऱ्या पद्धतीत यंत्रच सर्व्हर होतं आणि तुम्ही फाइल ढकलता. युबिक्विटीची यंत्रं रिसेट दाबून वीज दिल्यावर १९२.१६८.१.२० वर वाट बघत बसतात. दिवा रंग बदलत लुकलुकायला लागेपर्यंत बटण सोडायचं नाही. इथे फाइलच्या नावाला महत्त्व नाही, पण बायनरी मोडला आहे. लिनक्सवरचा नेहमीचा टीएफटीपी क्लायंट आणि विंडोजमधला, दोघंही सांगितल्याशिवाय बायनरी वापरत नाहीत. मजकुराच्या मोडमध्ये गेलेली फाइल वाटेतच बिघडते आणि यंत्र तिला नाकारतं. नवे बूटलोडर इथेही सही तपासतात. तेव्हा कंपनीचंच मूळ फर्मवेअर ढकला, आधी यंत्र जिवंत करा, नंतर पुढचं बघू.

तरीही जमत नसेल तर अडचण बहुतेकदा यंत्रात नसून केबलच्या अलीकडे असते. ॲक्सेस पॉइंटची वीज गेली की संगणकाच्या पोर्टवरची लिंक पडते. विंडोज त्याच क्षणी तो पत्ता बाजूला ठेवतं, टीएफटीपी सर्व्हर निराधार होतो. यंत्र उठून फाइल मागतं तोवर संगणक अजून पोर्ट जागा करत असतो, आणि बूटलोडर तर काही सेकंदच वाट बघतो. उपाय अगदी स्वस्तातला: मध्ये एक साधा स्विच ठेवा. संगणकाची लिंक स्विचशी कायम राहते, पलीकडे काहीही होवो. स्विच साधाच हवा. स्पॅनिंग ट्री (जोडणीतले फेरे टाळणारी सोय) चालू असलेला मॅनेज्ड स्विच नवा पोर्ट उघडायला तीस सेकंद घेतो, तोवर संधी गेलेली असते. इंजेक्टर वापरत असाल तर त्याची डेटाची बाजू स्विचला लावा आणि वीज इंजेक्टरवरून बंद-चालू करा.

फायरवॉल तेवढ्यापुरती बंद करा. टीएफटीपी यूडीपीच्या ६९ क्रमांकाच्या पोर्टवर मागणी घेतं आणि विंडोज अनोळखी नेटवर्कवर ती निमूटपणे गिळतं.

अजूनही अंधारच असेल तर वायरशार्क हे नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं साधन चालू करून केबलवर काय येतंय ते बघा. ‘१९२.१६८.०.६६ कोणाचा आहे?’ असा एआरपी प्रश्न यंत्राकडून येताना दिसला तर बूटलोडर जिवंत आहे आणि कुठला पत्ता हवा तेही त्याने स्वतःच सांगितलं. पत्ता बरोबर लावल्यावर त्याने मागितलेल्या फाइलचं नावही तिथेच वाचता येतं. दहा लेख चाळण्यापेक्षा ही पाच मिनिटं मोलाची.

कंपनीच्या फर्मवेअरवर परतताना टीपी-लिंकच्या जुन्या यंत्रांत एक खड्डा आहे. मूळ फाइलच्या नावात ‘बूट’ असा शब्द असेल तर तिच्या सुरुवातीला बूटलोडरही जोडलेला असतो. ओपनडब्ल्यूआरटीमधून ती तशीच लिहिली तर यंत्र उठतच नाही. सुरुवातीचे ५१२ बाइटचे २५७ तुकडे, म्हणजे १,३१,५८४ बाइट, डीडी या साधनाने कापून मगच लिहितात. हा आकडा त्या जुन्या पिढीचा आहे, आपल्या मॉडेलच्या पानावर तोच दिलेला असेल तरच वापरा.

सिरीयल कन्सोल

इतकं करूनही बूटलोडर हाती लागत नसेल तर खोकं उघडायचं. आतल्या बोर्डवर बहुधा तीन-चार टोकांची सिरीयलची जागा असते. त्यासाठी ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर लागतो. जुन्या संगणकाचा आरएस-२३२ पोर्ट थेट लावलात तर चिप जळेल. ग्राउंडला ग्राउंड, यंत्राचा टीएक्स (पाठवणारं टोक) अडॅप्टरच्या आरएक्सला (घेणाऱ्या टोकाला) आणि उलट. व्हीसीसी, म्हणजे विजेचं टोक, जोडायचाच नाही, यंत्राला वीज त्याच्या नेहमीच्या मार्गाने द्या. वेग बहुतेक यंत्रांत १,१५,२००. पडद्यावर कचरा दिसला तर वेग चुकलाय. काहीच दिसलं नाही तर टीएक्स-आरएक्सची अदलाबदल करा, त्याने काही बिघडत नाही. कर्नल नेमका कुठल्या ओळीवर थांबला ते इथे वाचता येतं, अंदाज बांधायची गरजच उरत नाही.

सगळं चालू, वाय-फाय मात्र नाही

वायरलेसच्या पानावर रेडिओ चालू करा आणि त्याआधी देशाचा कोड भरा. कोड नसेल तर ५ गिगाहर्ट्झच्या बऱ्याच चॅनेलांवर यंत्राला स्वतःहून प्रसारण करायची मुभा नसते आणि रेडिओ काही न सांगता बंदच राहतो. कोड खरा भरा. दुसऱ्या देशाचा कोड टाकून शक्ती वाढवायच्या युक्त्या इतरांच्या लहरींत कालवाकालव करतात आणि बेकायदाही असतात.

५२ ते १४४ मधला चॅनेल निवडला असेल तर घाई नको. तिथे रडार आहे का हे यंत्राला किमान ६० सेकंद ऐकावं लागतं, त्यानंतरच नेटवर्क दिसतं. युरोपच्या नियमांत १२० ते १२८ या हवामान रडारच्या चॅनेलांवर हा वेळ १० मिनिटं आहे. तपासणीपुरता ३६ घ्या, लगेच कळेल.

पानावर रेडिओच दिसत नसेल तर सिस्टिमच्या नोंदी वाचा. कॅलिब्रेशन मिळालं नाही अशा अर्थाची ओळ असेल तर सुरुवातीला घेतलेली ती प्रत शोधायची वेळ आली.

आता उरलं यंत्राला नुसता ॲक्सेस पॉइंट बनवणं. रूटला पासवर्ड द्या. लॅनचा पत्ता मुख्य राउटरच्याच रांगेतला पण मोकळा निवडा, उदाहरणार्थ मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२. गेटवे आणि डीएनएस म्हणून मुख्य राउटरचा पत्ता भरा, म्हणजे यंत्राला स्वतःला पॅकेज उतरवता येतील. लॅनवरचा डीएचसीपी बंद करा, आयपीव्ही६ च्या भागातला पत्तेवाटपाचा सर्व्हरही. बदल लागू केल्यावर लुसी नव्वद सेकंदांत तुमच्याशी पुन्हा संपर्क होण्याची वाट बघतं आणि तो झाला नाही तर जुन्या सेटिंग परत आणतं. पत्ता बदलताना संपर्क तुटणारच, म्हणून तिथे ‘न तपासता लागू करा’ हा पर्याय निवडावा लागतो. ‘सेटिंग टिकतच नाहीत’ या तक्रारीचं उत्तर बहुधा हेच असतं.

केबल मुख्य राउटरच्या लॅन पोर्टला लावा आणि मोबाइल नव्या वाय-फायला जोडा. मोबाइलच्या नेटवर्क तपशिलात गेटवे म्हणून १९२.१६८.१.१ दिसायला हवा. १९२.१६८.१.२ दिसला तर ॲक्सेस पॉइंटचा डीएचसीपी अजून चालूच आहे.